कुलगुरूंना खुले पत्र : नवे पोर्टल नको, आहेत त्यांचे सांधे जुळवा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू
आणि ग्रंथालय समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयातून एम.ए. होऊन गेलेली एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आली. तिचा पीएच.डी.चा विषय १९७२ चा दुष्काळ, आणि त्यातही माणदेशातल्या खडी फोडायला गेलेल्या बायका. "मॅडम, दोन वर्षं शोधतेय. सर म्हणतात यावर आधी काही झालेलंच नाही. मग पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात लिहू काय?" मला ते पटेना. महाराष्ट्रात दुष्काळावर काम झालेले नसेल तर मग कशावर झाले असेल?

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती ‘दुष्काळ’ असे देवनागरीत टाकत होती, मोजके काही हाती लागत होते. मी म्हटले, रोमन लिपीत टाक. एका ‘ए’ने लिहिल्यावर वेगळे प्रबंध आले, दोन ‘ए’नी लिहिल्यावर आणखी वेगळे. मग ‘ड्रॉट’ झाले, ‘फॅमिन’ झाले. शेवटी मला सुचले म्हणून ‘स्कार्सिटी’ टाकायला सांगितले आणि घबाडच सापडले. कारण सरकारदरबारी १९६३ नंतर महाराष्ट्रात दुष्काळ पडलेलाच नाही! त्या साली राज्याने रीतसर कायदा करून आपल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘स्कार्सिटी’, म्हणजे टंचाई, आणून बसवली. त्यामुळे बाहत्तरच्या सरकारी कागदांत आणि त्या कागदांवर उभ्या राहिलेल्या प्रबंधांत टंचाई असते, लोकांच्या तोंडी मात्र दुष्काळ. हे जिला ठाऊक नाही तिला अर्धे संशोधन दिसतच नाही, आणि यंत्राला तर हे कोणी सांगितलेलेच नाही.

रात्री साडेअकराला तिच्या पडद्यावर सात खिडक्या उघड्या होत्या. शोधगंगा (देशभरच्या पीएच.डी. प्रबंधांचे सामाईक ऑनलाइन भांडार), विद्यापीठाची स्वतःची तालिका (ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी), पुण्याच्या गोखले संस्थेचे डिजिटल भांडार, जिल्हा गॅझेटियर, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक जिथे आहेत ते जेस्टोर, आणखी दोन. सातही ठिकाणी तिच्या कामाचे काही ना काही होते, पण एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीवर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातला एक लेख उघडला की त्याने कोणाचा आधार घेतला आणि त्याचा आधार पुढे कोणी घेतला, हे बोट लावताच उलगडत जाते. मराठी प्रबंध उघडला की तळटीप म्हणजे रस्ता संपल्याची पाटी.

अशाच एका तळटीपेत एका मराठी मासिकातल्या १९७३ सालच्या लेखाचा हवाला होता. लेख नेमका खडी केंद्रांवरच्या बायकांवर. मासिक बंद पडून जमाना झाला. त्या एका अंकासाठी पोरीने एस.टी.ने पुण्याच्या दोन खेपा केल्या, मुंबईची एक. एका ठिकाणी खंड बांधणीला गेला होता, एका ठिकाणी ‘वर्ष आहे, तो अंक नाही’, आणि एका ठिकाणी तालिकेत नोंद आहे पण कपाटात पुस्तक नाही. ती तिसऱ्यांदा हात हलवत परत आली तेव्हा मला एकदम आठवले : आमच्याच महाविद्यालयाच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांच्या घरच्यांनी त्यांचा सगळा संग्रह देणगी दिला होता, तो त्यात आहे. दुसऱ्या दिवशी परिचराला विनवून कुलूप उघडून घेतले. १९७३ चा खंड होता. कसर लागलेला, पण अंक शाबूत. ती तिथेच जिन्यावर बसून वाचत राहिली. पाच वर्षे ती रोज त्याच जिन्याने वर्गात गेली होती.

तो खंड संगणकावर का नव्हता, याचे उत्तर माझ्याकडेच आहे, कारण तिथली ग्रंथपाल मीच होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार होती. पंधरा दिवसांत ‘ग्रंथालय पूर्णपणे संगणकीकृत’ असा फलक लावायचा होता. ॲक्सेशन रजिस्टरमधली, म्हणजे दाखल पुस्तकांच्या नोंदवहीतली, पुस्तके चढवली, देणगीची वही राहिली. ‘नंतर करू’ म्हणाले आणि एकतीस वर्षांची नोकरी संपवून घरी आले.

आणखीही एक सांगून टाकते. त्या रात्री रोमन लिपीतले जे वेडेवाकडे शीर्षक आम्हाला दोन ‘ए’ टाकल्यावर सापडले, ते मीच टाइप केलेले असण्याची बरीच शक्यता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमाने पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे सक्तीचे झाले. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात जुने-नवे प्रबंध चढवण्यासाठी आम्हा काही ग्रंथपालांना विद्यापीठात बोलावले होते. दिवसाला अमुक इतके प्रबंध, असे उद्दिष्ट होते. समोरच्या संगणकावर देवनागरीची सोय नव्हती आणि चौकशी करायला वेळ नव्हता. मराठी शीर्षके आम्ही मनाला येईल त्या स्पेलिंगने रोमनमध्ये ठोकली. सकाळी एक ‘ए’, जेवणानंतर दोन. विषयाच्या रकान्यात नुसते ‘मराठी’. मार्गदर्शकांचे नाव कधी आडनाव आधी, कधी नंतर. त्या नोंदी आज पाच लाखांहून अधिक प्रबंधांच्या महासागरात तरंगत आहेत.

म्हणून हे पत्र गाऱ्हाण्याचे नाही. मागणे आहे, आणि ते एकच : नवे पोर्टल काढू नका. आहेत ती भांडारे एकमेकांना जोडा.

पोर्टलचे लोकार्पण होते, दीपप्रज्वलन होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. दोन भांडारांमधला सांधा कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्याला अंदाजपत्रकात शीर्षकही नसते. पण महाराष्ट्राला आज कमी कशाची आहे? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’वर दुर्मीळ ग्रंथ ठेवले आहेत. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने अहवाल आणि पुस्तके स्कॅन करून खुली केली. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. गोव्यात पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाने जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटायझेशन केले, दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे स्वतःचे भांडार आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश तर शिकागो विद्यापीठाच्या संगणकावरून माणसाला माणमध्येसुद्धा उघडता येतो. खेड्यात घरोघरी आड असावेत, पण पोहरा एकाचा दुसऱ्याला चालू नये, तशी ही गत आहे.

असे काही करावे हे पूर्वी कोणाला सुचले नव्हते, असेही नाही. १९९२ च्या सुमारास केंद्राच्या निस्सात या कार्यक्रमाच्या मदतीने मुंबईत ‘बॉनेट’ आणि पुण्यात ‘पुणेनेट’ अशी ग्रंथालयांची जाळी सुरू झाली होती. एका ग्रंथालयात काय आहे ते दुसऱ्यात बसून कळावे, एवढाच साधा हेतू. इंटरनेट घराघरांत यायच्या आधीची ही गोष्ट. इतकेच काय, आज देशभरच्या विद्यापीठांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्याच आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या छत्राखाली झाली. १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली आणि आज तिचा मुक्काम गांधीनगरला आहे. दिल्लीचे असेच जाळे, डेलनेट, १९८८ पासून चालू आहे. आपली बॉनेट आणि पुणेनेट ही नावे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत टिपा लिहिण्यापुरती उरली. मी स्वतः त्या टिपेचे पाच गुण मिळवले आहेत!

जोडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे समित्यांमध्ये नीट सांगितले जात नाही असा माझा अनुभव आहे. कोणी तरी ‘सर्व्हर’, ‘क्लाउड’ असे दोन शब्द टाकतो आणि विषय खरेदी समितीकडे जातो. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट पत्त्याची. आपल्या टपालखात्याचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, मोजता येणार नाहीत. त्यात पत्ता कोणी देवनागरीत लिहिणार, कोणी इंग्रजीत, कोणी कन्नडमध्ये. पत्रे भलतीकडे जात. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातले अधिकारी, संस्कृतचे पंडित आणि कवी. त्यांनी यावर सहा आकडी पिनकोड काढला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. गावाचे नाव कसेही लिहा, आकडा चुकला नाही की पत्र पोचते. लेखांना आणि प्रबंधांनाही असाच पिनकोड असतो. संशोधन लेखांचा तो डीओआय. २००० साली प्रकाशकांनी एकत्र येऊन क्रॉसरेफ उभारले आणि एका लेखाच्या तळटीपेतून थेट दुसऱ्या लेखात जाण्याची सोय त्यातून झाली. इंग्रजी लेखात बोट लावताच जे उलगडते म्हटले, ते या आकड्यांमुळे. मराठी संशोधनपत्रिकांच्या वाट्याला तो क्वचितच आला आहे.

प्रबंधांचे तर आणखी विचित्र. शोधगंगेवरच्या प्रत्येक प्रबंधाला कायमचा क्रमांक मिळतो, त्याला हँडल म्हणतात. पिनकोड छापून तयार आहे, पण पाकिटावर कोणी लिहीत नाही. संदर्भसूचीत आमची मुले ‘शोधगंगा’ एवढेच लिहितात, किंवा त्या घटकेला ब्राउझरच्या डोक्यावर जी लांबलचक ओळ दिसते ती चिकटवतात. ती ओळ बहुतेक वेळा प्रबंधाची नसते, एका प्रकरणाच्या फाइलची असते. ‘०१_टायटल’, ‘०२_सर्टिफिकेट’ अशा तुकड्यांत प्रबंध ठेवलेला असतो ना, त्यातल्या एकाची. पीएच.डी.च्या नियमावलीत एक ओळ घाला : शोधगंगेवरच्या प्रबंधाचा हवाला देताना हँडल लिहिल्याशिवाय संदर्भसूची स्वीकारली जाणार नाही. याला निविदा काढावी लागत नाही.

दुसरी गोष्ट नोंदी उचलू देण्याची. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे इथे काही जाणकार जमले आणि त्यांनी एक साधी रीत ठरवायला घेतली. मोठ्या शोधयंत्राने लहान भांडाराला विचारायचे, ‘गेल्या खेपेपासून नवे काय आले?’ आणि भांडाराने नोंदी हवाली करायच्या. पुस्तक जागेवर, नोंद सगळीकडे. २००१ पासून ती रीत ओएआय-पीएमएच या अवघड नावाने चालू आहे. आपल्याकडची बरीच डिजिटल भांडारे डीस्पेस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात, शोधगंगाही त्यावरच. डीस्पेसमध्ये ही सोय मुळातच असते, फक्त चालू ठेवावी लागते. पुष्कळदा ती बंद असते, कारण ज्याने भांडार बसवून दिले त्याला कोणी सांगितले नाही, किंवा ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ कोणी बंद केली. आपल्या विद्यापीठाच्या भांडाराची ती खिडकी उघडी आहे का, एवढा प्रश्न पुढच्या बैठकीत विचारावा. उत्तर तिथल्या तिथे मिळाले तर मला आनंदच होईल.

तिसरी गोष्ट, आपल्या ग्रंथालयात काय आहे हे यंत्राला कळण्याची. लेख सापडतो, प्रकाशक पैसे मागतो, आणि तोच लेख आपल्याच ग्रंथालयात आपल्याच वर्गणीतून उपलब्ध असतो, हे विद्यार्थ्याला कळत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या ग्रंथालयात हर्बर्ट व्हान दे सोम्पेल यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी यावर तोड काढली. सापडलेल्या लेखाचा दुवा आधी वाचकाच्या स्वतःच्या ग्रंथालयाकडे वळवायचा, ग्रंथालयाने बघायचे की आपल्याकडे छापील आहे, वर्गणीतून आहे, की शेजारच्याकडून मागवावा लागेल. पुढे २००४ मध्ये त्याचे अमेरिकेत मानक झाले, ओपनयूआरएल. म्हणजे वीस वर्षे उलटून गेली. आमच्या जिन्याखालचा खंड तालिकेत असता आणि तालिका या साखळीत असती, तर त्या मुलीला पडद्यावर एवढेच दिसले असते : ‘हा अंक तुमच्या महाविद्यालयात आहे.’

आता मराठीच्या खास दुखण्याकडे येते, कारण हे परदेशी मानकांमध्ये कोणी आपल्यासाठी सोडवून ठेवलेले नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सर्व संगणकांवर एकच आकडा देणारी पद्धत, रुळायच्या आधीचे आपले मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरे असतात. कृतिदेव फॉन्टमधला ‘मराठी’ हा शब्द यंत्र ‘ई, जे, के, बी, एच’ असा वाचते. फाइल उघडून त्यातला मजकूर कॉपी करून बघा, पटेल. म्हणजे प्रबंध ‘ऑनलाइन’ आहे, खुला आहे, आणि तरी त्यातला एकही शब्द शोधून सापडत नाही. त्याही आधीचे प्रबंध मराठी टंकलेखन यंत्रावरचे. काना पुसट, रफार हाताने काढलेला, आणि त्यांचे नुसते फोटो चढवलेले. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यातले काय वाचता येते आणि त्याच्या ‘साम्य नगण्य’ या दाखल्यावर आपण किती विसंबायचे, हेही एकदा मनाशी विचारून पाहावे.

युनिकोड आले तरी सगळे सुटले असे नाही. ‘खडी फोडणाऱ्या’ मधला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे. त्याआधीच्या शीर्षकात ‘कांहीं’ आहे, ‘नांवें’ आहे, ‘महाराष्ट्रांतील’ आहे. आजची मुलगी अनुस्वार देत नाही आणि तिला पन्नास सालापूर्वीचे जग सापडत नाही. हे जुन्या सूचीकारांना कळत होते. शं. ग. दाते यांनी संगणकाशिवाय १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली ती कशाकशातून मार्ग काढत केली असेल, हे आठवले की आम्हा लोकांना आपल्या तक्रारीची लाज वाटते.

नावांचेही तेच. राजवाडे म्हटले की इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ, की अहिताग्नी शंकर रामचंद्र? वि. का., विश्वनाथ का., आणि आडनाव आधी-नंतर धरून एकाच माणसाची यंत्रात चार माणसे होतात. बायकांचे तर विचारूच नका. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या एकच, हे वाचकाला माहीत असते, तालिकेला सांगावे लागते. हे जुने झाले म्हणाल, तर आजही मुलगी पीएच.डी. करते माहेरच्या नावाने, लेख लिहिते सासरच्या नावाने, आणि तिचे निम्मे काम तिच्या खात्यावर जमाच होत नाही. संशोधकाची कायमची ओळख ठरणारा ऑर्किडचा सोळा आकडी क्रमांक यासाठीच आहे. २०१२ पासून तो कोणालाही फुकट काढता येतो. नोंदणीच्या दिवशी विद्यार्थ्याला तो काढायला लावा, आधीच्या मार्गदर्शकांच्या नावांची एकच प्रमाण यादी करा आणि ती सर्व विद्यापीठांनी मिळून वापरा. एकट्या विद्यापीठाने केली तर तिचा उपयोग तेवढ्याच कुंपणात.

आणि दुष्काळ-टंचाईसारख्या जोड्या? त्या माणसालाच लावाव्या लागतात. विषयांच्या मराठी-इंग्रजी शब्दांची जोडयादी करायला मराठी, इतिहास, अर्थशास्त्र आणि शेती यांतली दोन-दोन जाणती माणसे आणि एक चिकट ग्रंथपाल पुरे. खेड्यातल्या माणसाने ‘रोहयो’ म्हटले, प्रबंधकाराने ‘रोजगार हमी’ म्हटले, अर्थशास्त्रज्ञाने ‘ईजीएस’ म्हटले, तरी तिघांना एकाच दारात आणणारी यादी.

यावर मला जी उत्तरे मिळतात ती आधीच लिहून ठेवते, म्हणजे टपालखर्च वाचेल.

‘गूगल स्कॉलर आहे की.’ आहे, आणि मी रोज वापरते. पण त्याला जे वाचता येते तेच ते दाखवणार. ‘ई, जे, के, बी, एच’ त्यालाही मराठी वाटत नाही. ‘आता एआयला विचारले की झाले.’ एक विद्यार्थी अशी विचारून आणलेली संदर्भसूची घेऊन माझ्याकडे आला होता. लेखक ओळखीचे, प्रकाशन संस्था खरी, साल पटण्यासारखे, आणि त्यातली काही पुस्तके कधी लिहिलीच गेलेली नाहीत. आम्ही अर्धा दिवस ती शोधण्यात घालवला. ज्या नोंदी यंत्राला मिळाल्याच नाहीत त्यांची जागा ते कल्पनेने भरते, त्यात त्याचा काय दोष?

‘प्रबंध खुले ठेवले तर लोक चोरतील.’ हे बहुधा मार्गदर्शक म्हणतात, आणि खालच्या आवाजात. चोरी बंद कपाटातून अधिक सोयीची असते हे कोणताही ग्रंथपाल सांगेल.

‘पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे, पण आकडा बघून विचारावा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले : तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास ई-नियतकालिके. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी संस्थेतल्या पोराला महागडी परदेशी जर्नले वाचायला मिळणार, याचा मला खराच आनंद आहे. पण त्यातले बहुतेक प्रकाशक परदेशी आहेत आणि मराठीत झालेले संशोधन हा त्या योजनेचा विषयच नाही. ते वाईला, पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, नागपूरला, पणजीला ज्या कपाटांत आहे तिथून ते दुसरे कोणी येऊन बाहेर काढणार नाही. त्याच साली ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. आता येणाऱ्या निधीतून आणखी एक अध्यासन आणि आणखी एक इमारत उभी करण्यापूर्वी नोंदी दुरुस्त करणाऱ्या चार माणसांचा पगार बाजूला काढावा.

माणसे म्हटले ते मुद्दाम. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथपालाचे पद ‘संचालक, ज्ञान स्रोत केंद्र’ झाले. पाट्या बदलल्या, चांगले झाले. पण कितीतरी महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि परिचर किल्ल्या सांभाळतो आहे. त्याला ओएआय-पीएमएच विचारू नका. तो बिचारा जिन्याखालचे कुलूप तेवढे उघडून देऊ शकतो, आणि त्याने ते उघडून दिले म्हणून त्या मुलीच्या प्रबंधाला तिसरे प्रकरण मिळाले.

तिने तो खंड मोबाइलवर पानपान टिपून घेतला. लेखात आटपाडीजवळच्या एका खडी केंद्रावरच्या बायकांच्या हजेरीचा तक्ता आहे, बाळंत होऊन किती दिवसांत कोण कामावर परतली त्याच्या तारखांसकट. लेखिकेने जागेवर बसून तो उतरवून घेतला होता. दुसऱ्या कुठल्या कागदात हे आम्हा दोघींना सापडलेले नाही. या लेखाला आज ना क्रमांक आहे, ना कुठल्या भांडारात नोंद. उद्या त्या मुलीचा प्रबंध शोधगंगेवर जाईल, तळटीप असेल, आणि तिच्या पुढच्या संशोधकासाठी रस्ता पुन्हा तिथेच संपेल.

निवृत्तीनंतर मी एक वही घातली आहे. दुपारी तासभर बसते आणि आपल्या भागातले मराठी प्रबंध एकेक उघडून पाहते. डाव्या पानावर आज दिसते ती नोंद, उजव्या पानावर खरे शीर्षक देवनागरीत, मार्गदर्शकांचे पूर्ण नाव, दोन-तीन विषयशब्द, आणि हँडल. पावणेचारशे झाले आहेत. त्यातले काही मीच बिघडवलेले आहेत, ते लाल शाईने लिहिले आहेत. या दुरुस्त्या कोणाकडे द्यायच्या हे मी दोन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी सांगितले की नोंद चढवणारे विद्यापीठ दुरुस्त करील, दुसऱ्या ठिकाणी सांगितले की एकदा चढवल्यावर इथून काही करता येत नाही.

देणगीची वहीही महाविद्यालयाने मला घरी नेऊ दिली आहे. रोज वीस पुस्तके, या हिशेबाने दिवाळीपर्यंत संपेल.

दोन्ही वह्या घेऊन मी कोणत्याही दिवशी यायला तयार आहे. भत्ता नको, एस.टी.चा अर्धा पास आहे. कोणत्या विद्यापीठात, कोणाच्या टेबलावर त्या ठेवायच्या, एवढे कळवावे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल